दोन शेतं पलीकडून

जुन्या रेकॉर्डचा शौक असलेल्या माणसाने आपल्या कानावर विश्वास ठेवावा, दुसऱ्या कशावर नाही. हे मी आजही म्हणतो. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं दुकान आहे. खाली अॅम्प्लिफायरची दुरुस्ती आणि जुन्या रेकॉर्ड, वर आमचं घर. तरुणपणी मी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचो. मांडवात जनरेटर घरघरत असला तरी कुणाची कुठली तार उतरलीय ते मी डोळे मिटून सांगायचो. म्हणून पुढचं ऐकताना भास झाला असेल, असं मनात आणू नका. मला भास होत नाहीत.

काम साधं होतं. गेल्या मे महिन्यात पिंपळगाव रेणुकाईहून साहेबराव सरांचा फोन आला. निवृत्त शिक्षक. माझ्याकडून एकदा रेडिओ दुरुस्त करून घेऊन गेल्ते, तेवढीच ओळख.

"रामप्रसादभाऊ, आमच्या ताईची रेकॉर्डची पेटी पडून आहे. कुणी ऐकत न्हाई. नेता का?"

वंदनाला, माझ्या बायकोला, शाळेची सुट्टी होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. म्हणाली, "मी बी येते. घरात नुसतं उकडून राह्यलं." बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर मी गाडीत टाकला, कारण ऐकल्याशिवाय मी रेकॉर्ड घेत नाही. भोकरदन मागे पडलं. पिंपळगावात शिरलो तेव्हा मिरचीच्या गाड्या भरून चालल्या होत्या, आणि काच खाली केल्याबरोबर दोघांनाही ठसका लागला.

सरांचं घर गावाच्या कडेला, नवं, स्लॅबचं. दुपार अशी तापली होती की अंगणातल्या चपलांत पाय घालवत नव्हता. आत कूलर चालू, सरांची सून मीना स्वयंपाकघरात. जयभीम झाला, पाणी झालं, आणि सरांनी पेटी पुढे ओढली.

पेटीची गोष्ट अशी. सरांची थोरली बहीण प्रभावती जालन्यात मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या एक अमेरिकन डॉक्टरीणबाई मायदेशी परत जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्ड तिला देऊन गेल्या. निवृत्त झाल्यावर ते सगळं घेऊन ती भावाकडे राहायला आली, आणि दोन वर्षांपूर्वी याच घरात वारली.

बहुतेक रेकॉर्ड प्रार्थनेच्या होत्या, उन्हाने वाकलेल्या. तळाशी मात्र एक पातळ कव्हर निघालं. त्यावर करडं शेत, लांबवर तारेचं कुंपण, आणि माणूस कुठेच नाही. नाव होतं 'टू फील्ड्स ओव्हर'. म्हणजे दोन शेतं पलीकडे. मागच्या बाजूला गाणारा आणि ड्रम, बेस, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणारे, यांची नावं. गायकाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, कंपनीचंही नाही. अमेरिकेतली कंट्रीची गाणी मी बरीच गोळा केलीत. शेतकऱ्यांची, ट्रकवाल्यांची, बायको सोडून गेलेल्या माणसांची गाणी ती. पण ही रेकॉर्ड मला नवी होती, आणि नव्या रेकॉर्डपुढे माझी भूक आवरत नाही.

"ती राहू द्या," सर म्हणाले. "बाकी सगळ्या न्या."

"ऐकून तर बघू, सर."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. "लावा मंग. पण हाक आली तर ओ देऊ नका."

मी हसलो. सुई टेकवली.

पहिल्या गाण्यातच मी सावरून बसलो. गाणारा बरा होता, बाकीचे वाजवणारेही बरे. पण त्यांच्या मागे जो पेडल स्टील गिटार वाजत होता, त्याच्यासारखा मी जन्मात ऐकला नव्हता. हा गिटार मांडीवर घेत नाहीत. टेबलासारखा पुढ्यात उभा असतो. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकते आणि पायाखाली पेडल असतात. एक सूर जागेवर थांबतो आणि त्याच्याच पोटातून दुसरा हळूच वर चढतो. चांगला वाजवणारा आवाजाचं पेडल असं दाबतो की तार छेडल्याचं कळतच नाही, सूर श्वासासारखा आत येतो. या माणसाचा सूर तसा येत होता. मी कव्हर पुन्हा उलटून बघितलं. फिडलवाल्याचं नाव होतं, ड्रमवाल्याचं होतं. स्टीलवाल्याचं नव्हतं.

तिसऱ्या गाण्यात दोन कडव्यांच्या मधे तो एकटाच वाजला. खालून एक सूर उठला, वर गेला, तिथे लांबला आणि शेवटी किंचित वाकला.

मीना ओल्या हातांनी बाहेर आली. "मामा, हाक मारली का?"

"न्हाई," सर म्हणाले.

"बाईमाणसाचा आवाज होता. मीना म्हणून..."

"न्हाई म्हणलं ना. जा आत."

पुढच्या कडव्यानंतर तोच तुकडा परत वाजला. मीना दारातच थबकली. माझ्या शेजारी वंदनाने हातातला कप खाली ठेवला आणि मान वळवून अंगणाकडे बघितलं. मला मात्र फक्त संगीत ऐकू आलं. उत्तम, अस्सल संगीत.

सुई उचलल्यावर सर हळू आवाजात बोलले. "ताई ही नेहमी ऐकायची. कोण हाक मारतं ते कधी सांगितलं न्हाई, पण ऐकून खूश असायची. हाक दोनदा येते. गाण्यात तेवढीच आहे. जुनी माणसं म्हणतात, भुताची हाक दोनदाच, तिसरी हाक माणसाची. ती गेली त्या दिवशी दुपारी मी अंगणात होतो. रेकॉर्ड थांबलेली होती. आतून ताईचा आवाज आला, 'ओ... आले.' जाऊन बघतो तर खुर्चीतच..."

मला त्यांचं दुःख कळत होतं. पण मी माझ्या धंद्यातला माणूस. म्हणालो, "सर, स्टीलचा सूर बराबर माणसाच्या गळ्यासारखा घसरतो. ज्याला जे नाव हवं, ते त्याला ऐकू येतं. ही रेकॉर्ड इथं पडून राहणं पाप आहे. जगाला कळू द्या." बराच वेळ घोळ झाला. शेवटी त्यांनी ती दिली, पण माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवली. मी वाकून उचलली.

परतताना भोकरदनपर्यंत वंदना खिडकीबाहेरची शेतं बघत होती. मग म्हणाली, "मला 'वंदे' अशी हाक आली."

वंदे म्हणणारं एकच माणूस होतं. तिची आई, केशरबाई. वंदना लहान असतानाच शेतात सर्प चावून गेली.

"बांधावर उभी राहून मारायची ना, बिलकुल तशी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला इतकी निवांत पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसून ती रेकॉर्ड कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. हे काम मी शेकडो वेळा केलंय. उतरवताना हेडफोन लावून बसलो होतो, सगळं छान वाजत होतं. नंतर कॉम्प्युटरवरची प्रत ऐकली. गाणारा होता. ड्रम, बेस, फिडल, सगळे होते. सुईची खरखरही होती.

स्टील नव्हतं.

वायर बदलली, पुन्हा उतरवलं. दुसरं मशीन लावलं. तिसऱ्या गाण्यात दोन कडव्यांच्या मधे नुसती रिकामी जागा यायची, ड्रमवाला मंद ठोके देत कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा. रेकॉर्ड लावली की स्टील हजर. बाहेर रस्त्यावर रिक्षा कोकलत होत्या, उसाच्या रसाच्या गाड्यावर घुंगरू वाजत होते, डोक्यावर भर दुपारचं ऊन होतं. आणि माझ्या मानेवरचा घाम गार पडत गेला.

मी रेकॉर्ड कव्हरमध्ये घातली आणि वंदनाला सांगितलं, "ही आता लावायची न्हाई. उद्या परत नेऊन देतो."

"एकदा ऐकू द्या."

"न्हाई."

"अहो, तिचा आवाज मी विसरले होते. चेहरा आठवायचा, आवाज न्हाई. आता आठवतोय... तुम्हाला काय कळणार?"

तिचं बरोबर होतं, मला कळत नव्हतं. माझी आई माझ्या संसारात म्हातारी होऊन, समाधानाने गेली. वंदनाला जे मिळालं होतं, ते तिच्या हातून काढून घ्यायला जीव धजेना. पण सरांच्या अंगणातली दुपारही डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी रेकॉर्ड कपाटावर ठेवली आणि जेवायला बसलो. ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी पिंपळगावला निघायचं तर गाडीत पेट्रोल नव्हतं. भरून आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. जिना चढताना वरून ड्रमचे मंद ठोके ऐकू आले. तिसरं गाणं.

मी धावलो. वंदना खिडकीपाशी उभी होती, पदर डोक्यावरून घेतलेला, लहान मुलीसारखी टाचा उचलून बाहेर बघत. पहिली हाक होऊन गेलेली असावी. मी खोलीत पाऊल टाकलं आणि दुसरी आली. सूर उठला, चढला, लांबला, वाकला. वंदनाचे ओठ उघडले.

मी झडप घालून सुई उचलली.

रेकॉर्ड नुसती फिरत राहिली. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की रस्त्यावरचं काहीच ऐकू येईना. रिक्षा नाहीत, घुंगरू नाहीत. बाहेर ऊन पांढरं झालं होतं आणि कुठूनतरी वाळलेल्या गवताचा वास येत होता. स्टेशनच्या रस्त्याला गवत कुठलं?

"वंदना," मी म्हणालो, "खिडकीपासून इकडे ये..."

"थांबा. तिसरी येणार आहे. तिसरी माणसाची असते."

"ये म्हणतो ना..."

मी तिला मागे ओढलं आणि तळहाताने तिचं तोंड घट्ट झाकलं. ती धडपडली नाही. तिचा गरम श्वास माझ्या बोटांवर येत होता. आणि मग खिडकीच्या बाहेरून, घरांच्या मागून, लांबून, दोन शेतं मधे असावीत इतक्या लांबून, तो सूर उठला.

मला या वेळी संगीत ऐकू आलं नाही. मला माझं नाव ऐकू आलं. पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरावर लांबवलेलं. आवाज ओळखीचा नव्हता. बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. तारेवरून लोखंड सरकावं तसं कुणीतरी मला हाक मारत होतं.

मी दात दाबून धरले. जबडा दुखेपर्यंत दाबले. वंदनाचं तोंड माझ्या हाताखाली होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

आणि कुणीतरी उत्तर दिलं.

"ओ... आलो."

आवाज माझा होता. त्याबद्दल माझ्याशी वाद घालू नका, मी माझा आवाज टेपवर हजार वेळा ऐकलाय. पण तो माझ्या गळ्यातून निघाला नव्हता. तो बाहेरून आला.

लगेच रस्ता पुन्हा वाजू लागला. वंदना माझा हात बाजूला करून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही का ओ दिलीत?" तिने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, आणि रेकॉर्डचं नाव तिने त्यानंतर काढलं नाही. तिला विचारलं तर म्हणते, आईचा आवाज आठवतो, पण हाक येत नाही. तेवढं मी वाचवलं, असं मी मानतो. वंदना माझ्यासमोर बसलेली आहे, याहून मला जास्त काही नको.

रेकॉर्ड मी त्याच दिवशी, वंदनाला सोबत घेऊन, पिंपळगावला नेऊन दिली. साहेबराव सरांनी काही विचारण्याआधी दोघांकडे नीट बघितलं. आधी वंदनाकडे, मग माझ्याकडे.

"ओ कुणी दिली?"

"कुणीच न्हाई, सर."

"बरं," ते म्हणाले, आणि नंतर पुन्हा माझ्या नजरेला नजर दिली नाही.

मला वाटलं, सुटलो. बरेच दिवस तसंच वाटत होतं, कारण आमच्यात बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही, आणि गिऱ्हाईक मला 'भाऊ' म्हणतं. मग एकदा बँकेत गेलो होतो. बाकावर बसून राहिलो, नंबर येईना. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघून तोंड हलवत होती. शेवटी शेजारच्याने कोपर मारलं. "तुम्हालाच बोलावून राह्यली ना ती, कवाची." मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. "पुढे या" हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. या वयात असे कान बघितले नाहीत म्हणाले. आणि ते खरं आहे, मी आजही उतरलेली तार रस्त्यापलीकडून ओळखतो. फक्त माझं नाव मला ऐकू येत नाही. कुणीही हाक मारली तरी त्या जागी रिकामी जागा येते.

मी ते मान्य केलं होतं. नाव काय, कागदावर आहेच. पण काल दुकानात एक जुना मित्र आल्ता. त्याने दारातूनच मला हाक मारली असावी. मला काही कळलं नाही. वर वंदना भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातांनीच जिन्यात आली आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी हाक मारली की बाहेरून तुमच्या आवाजात उत्तर येतं. बऱ्याच दिवसांपासून मी ऐकते. सांगितलं न्हाई, घाबराल म्हणून."

"काय उत्तर येतं?"

"तेच. 'ओ, आलो.' आधी फार लांबून यायचं..." तिने खिडकीकडे बघितलं. "आता मधे एकच शेत राह्यलंय."