नकाशाबरहुकूम

कारखान्यात माझं काम एवढंच, तयार होऊन आलेला भाग मोजायचा आणि नकाशाशी जुळला नाही तर माघारी पाठवायचा. एकवीस वर्षं हेच करतोय. माझ्या पाठीमागे सगळे मला ‘परत’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. केसभर फरक असला तरी मला दिसतो, आणि एकदा दिसला की घास गोड लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून ‘मोजण्यात काहीतरी चुकलं असेल’ असं कुणीही म्हणेल. मोजण्यात चुकलं नव्हतं.

आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. घरात तिला भिंगरी म्हणतात. का, ते तिला दोन मिनिटं बघितलं की कळतं. तिला गो-कार्ट हवी होती. जमिनीला चिकटून पळणारी, चार चाकांची, मागे जुन्या मोपेडचं इंजिन. विकतची नकोच, भंगारातून आपण दोघांनी केलेली हवी. गणितात नव्वदच्या वर आणलेस तर करू, असं मी बोलून गेलो. तिने पंच्याण्णव आणले. आता माघार घेतली असती तर घरात राहणं कठीण झालं असतं.

भंगारातून वस्तू करायची तर आधी भंगार गोळा करतात आणि जे हाती लागेल त्याप्रमाणे बेत आखतात. लहान पोरालाही हे कळतं. मी नेमकं उलट केलं. नकाशाशिवाय मला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, त्याला इलाज नाही. तीन रविवार जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आम्ही बापलेक बसलो. भिंगरीची बैठी उंची, पायाची लांबी, पेडल किती लांब, स्टिअरिंग किती वर, कुठल्या पट्टीत कुठे भोक, सगळं मिलिमीटरमध्ये. बायको घरी शिवणकाम करते. तिची टेप सारखी आमच्याकडे अडकलेली, म्हणून ती वैतागली होती.

“बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी,” ती म्हणाली. “अहो, एक चाक तरी आणा आधी!”

चाकं पुलाखालच्या भंगारवाल्याकडे मिळाली. बंद पडलेल्या लाँड्रीच्या ढकलगाडीची होती. व्हर्निअर, म्हणजे माझं मोजायचं हत्यार, लावून बघितलं तर आतलं भोक बरोबर सोळा मिलिमीटर. नकाशात मी आसाचा व्यास सोळाच धरला होता. चला, लग्गा लागला, म्हणून मी खूश झालो.

पुढच्या आठवड्यात आमच्या वेल्डरने एक स्टिअरिंग आणून दिलं. कुठल्याशा बागेतल्या मोडक्या पाळण्यातलं. खाली लोखंडी पट्टी होती, पट्टीत दोन भोकं, अंतर एकशे बारा. नकाशात एकशे बारा. मी व्हर्निअर पुसून परत लावला. एकशे बारा.

“नशीब काढलंस,” वेल्डर म्हणाला. “भंगारातलं कधी काही बसतं का? माझी अर्धी जिंदगी कापण्यात आणि जोडण्यात गेली.”

मी हसलो, पण मला ते आवडलं नाही. नव्या, मुद्दाम करून आणलेल्या मालातले शंभरातले चार मी परत करतो. मग भंगार एवढं शहाणं कसं? सभागृहातून निघालेली प्लास्टिकची खुर्ची आली, तीही पट्ट्या जोडून केलेल्या चौकटीवर टोपीसारखी बसली. पुढचा बंपर म्हणून घेतलेली नळी एक सेंटिमीटरही कापावी लागली नाही. भिंगरी टाळ्या पिटत होती. मी रात्री जेवताना सगळे आकडे पुन्हा ताडत बसलो, तर बायको म्हणाली, “काम वाचतंय त्याचंही दुःख! तुम्हाला ना, परत करायला काहीतरी लागतंच.”

मग मी परीक्षा घ्यायची ठरवली. राहता राहिली होती चालवणाऱ्याच्या डाव्या हाताची, पुढून मागे जाणारी दांडी. नकाशात तिच्या दोन भोकांमधलं अंतर दीडशे होतं. मी ते खोडलं आणि एकशे सदतीस पूर्णांक चार लिहिलं. असं अंतर कुणी ठेवत नाही. त्याला काही अर्थच नाही. कुणाला सांगितलं नाही, भिंगरीलासुद्धा नाही. कागदाची घडी करून कारखान्यातल्या माझ्या कपाटात कुलपात ठेवली.

माझी आत्या इथून सहा तासांवर राहते. दोन दिवसांनी तिचा फोन आला. “अरे, तू लोखंड गोळा करतोयस म्हणे. तुझे काका आजारी होते तेव्हाची खाट पडून आहे, तिची दांडी पाठवू का?”

दांडी पाठवली. हिरवा रंग, वर दोन भोकं. खाटेच्या दांडीला त्या जागी भोकं असायचं काही कारण नव्हतं. भोकांच्या कडा आतून गंजलेल्या होत्या, म्हणजे कालपरवा पाडलेली नव्हती. मी व्हर्निअर लावला आणि बराच वेळ आकडा वाचलाच नाही.

एकशे सदतीस पूर्णांक चार.

त्याच वेळी सगळं फेकून द्यायला हवं होतं. शहाण्या माणसाने दिलं असतं. पण मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी मोजतो. पूर्ण जोडल्याशिवाय पूर्ण मोजता येत नाही, म्हणून पुढच्या रविवारी दुपारी मी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटाच गाडी जोडायला बसलो. इंजिन सोडून सगळं. हातोडी लागली नाही, कानस लागली नाही. बोल्ट बोटांनी आत गेले. शेड तापलेली होती, पत्रा मधूनच कडकड वाजत होता. तीन वाजता गाडी उभी राहिली आणि मी मागे सरकून तिच्याकडे बघितलं.

प्रत्येक तुकड्यावर एकेक ओरखडा होता, हे मला माहीत होतं. भंगारच ते, ओरखडे असायचेच. बंपरच्या डाव्या टोकाला एक, डाव्या चाकाच्या कडेला एक, दांडीवर एक, खुर्चीच्या पाठीवर डावीकडे एक. चार गावचे चार तुकडे.

आता ते चारही एका ओळीत होते.

मी आत जाऊन बायकोच्या डब्यातला पांढरा दोरा आणला. एक टोक बंपरला, एक खुर्चीच्या पाठीला, मध्ये ताणून धरला. दोरा प्रत्येक ओरखड्याला चिकटून गेला. कुठेही केसभर अंतर नाही.

आमच्याकडे मोडून आलेले भागही मलाच वाचावे लागतात. झीज कुठे, वाक कुठे, घाव कुठून आला. हा घाव समोरून डावीकडे आला होता. बंपर आत दबला होता, चाकाची कड त्याच कोनात वाकली होती. ही गाडी वेगात होती आणि कशाला तरी डाव्या अंगाने घासत गेली होती.

ही गाडी दहा मिनिटांपूर्वी या जगात नव्हती.

मी खाली बसून दांडी बघितली. ओरखडा दांडीवर पुढून सुरू होत होता, खोल, रंग पार उडालेला. मग थांबत होता. मध्ये रंग जसाच्या तसा, गुळगुळीत. मग मागे पुन्हा ओरखडा. घासताना मध्ये काहीतरी आलं होतं आणि तेवढ्या जागेचा मार त्याने स्वतःवर घेतला होता.

कोरी जागा बावीस सेंटिमीटर होती.

“झाली?”

भिंगरी दारात उभी होती. मी नको म्हणायच्या आत तिने उडी मारली आणि गाडीत बसली. उजवा हात स्टिअरिंगवर. डावा हात तिने कोपरापासून ऐटीत दांडीवर टाकला.

“असं बसतात, बाबा. ट्रकवाले असेच बसतात, मी बघितलंय.”

“ऊठ,” मी म्हणालो.

तिचा हात कोऱ्या जागेवर होता. कोपर मागच्या ओरखड्याला टेकलेलं. मनगटापुढे थोडी कोरी जागा उरली होती.

मी टेप घेतली.

“आता काय राहिलं मोजायचं?” ती हसत होती.

कोपर ते मनगट. वीस.

तिला खाली उतरवलं तेव्हा माझी बोटं तिच्या दंडात रुतली असावीत, कारण ती रडायला लागली. त्याच दिवशी मी गाडी सुटी केली. दांडीचे करवतीने पाच तुकडे केले. दुसऱ्या दिवशी चाकं आणि बंपर कारखान्याच्या भट्टीत टाकले आणि लाल होईपर्यंत समोर उभा राहिलो. खुर्ची फोडली. नकाशा जाळला. घरी सांगितलं, लोखंड कुजकं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी निर्दोष माल खोटं बोलून नापास केला.

भिंगरी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. बायको बोलली. “पोरीला दिलेला शब्द असा मोडतात? तिने काय घोडं मारलं होतं तुमचं?” गाडी नाही तर घाव नाही, एवढं मला पुरेसं होतं.

तरी दर महिन्याला काही ना काही निमित्त काढून मी तिचा हात मोजत राहिलो. साडेवीस. मग एकवीस. मग बरेच दिवस एकवीसच. मला वाटायला लागलं, मी उगाच पोरीचा हिरमोड केला. एखादी सायकल घेऊन द्यावी, असंही मनात आलं. मग सायकलही नको वाटली.

गेल्या मंगळवारी सकाळी बायको तिच्यासाठी लांब बाह्यांचा शर्ट बेतत होती. शाळेची व्हॅन यायची वेळ झालेली. बायको मापं सांगत होती, मी लिहीत होतो. माझे आकडे सुबक येतात म्हणून हे काम माझ्याकडे.

“खांदा चौतीस. खांदा ते कोपर अठ्ठावीस. नीट उभी राहा गं, भिंगरीसारखी फिरू नकोस. कोपर ते मनगट…” बायकोने टेप डोळ्यांजवळ नेली. “अगंबाई, बावीस! केवढी वाढलीस!”

खाली हॉर्न वाजला. भिंगरीने दप्तर उचललं आणि जिना उतरत गेली.

मी पेन्सिल ठेवून गॅलरीत धावलो. व्हॅन सुटली होती. भिंगरी पुढच्या सीटवर डाव्या खिडकीशी होती, काच पूर्ण खाली. मी तिला हाक मारली. असा ओरडलो, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

तिने मान बाहेर काढून वर बघितलं. हसली आणि टाटा केला, उजव्या हाताने. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत खिडकीबाहेर, दारावर टेकलेला होता.