अर्जदाराशी नाते

राग मला लवकर येतो आणि आला की लवकर जात नाही. त्या दिवशी तर तो सकाळपासून मुक्कामालाच होता. शिष्यवृत्तीचे अर्ज द्यायची शेवटची तारीख, बारा मुलांचे बारा अर्ज माझ्या काखेत, बाहेर पावसाची रिपरिप... आणि झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक उंच माणूस एकेक कागद आधी वाचून मग मशिनवर ठेवत होता. वाचून!

"अहो, झेरॉक्स काढताय की अभ्यास करताय?"

त्यानं वळून पाहिलं. डोळे – जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

"घाई आहे का तुम्हाला?"

"नाही, हौसेनं भिजतेय."

हसू दाबत तो बाजूला झाला. माझं काम झालं, मी अर्जांना लावायला स्टेपलर काढला, तर म्हणतो, "टाचणी लावा. स्टेपलची पिन काढताना कागद फाटतो. आणि एकही रकाना रिकामा ठेवू नका, अर्ज बाद होतो."

"तुम्ही कोण हो सांगणारे?"

"कोणी नाही," असं म्हणून त्यानं खिशातून टाचण्यांची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. खिशात टाचण्या घेऊन फिरणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. टाचण्या लावल्या मी, पण दात-ओठ खात लावल्या.

मी शाळेत समुपदेशक आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कुठलं कॉलेज, कुठली शिष्यवृत्ती, अर्ज कसा भरायचा, हे सगळं माझ्याकडे. मुलं चारशे आणि मी एकटी.

आठव्या दिवशी बाराही अर्ज परत आले. वर चिठ्ठी होती : 'शिफारसपत्रे एकसारखी आहेत.'

कात्री माझ्या टेबलापाशीच उभी होती. शिंपीणबाईंची ही मुलगी. जिभेला धार, म्हणून सगळी शाळा तिला कात्री म्हणते. तिला इमारतींचे नकाशे काढायला शिकायचं होतं. शिष्यवृत्ती मिळाली तर परगावचं कॉलेज आणि वसतिगृह, नाही मिळाली तर आईशेजारचं शिलाई मशिन.

"मग मॅडम," ती म्हणाली, "मशिनला तेल घालून ठेवू?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. मी तडक शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात गेले. छाननीच्या टेबलामागे कोण बसलं असावं? टाचणीवाला!

"तुम्ही?" मी किंचाळलेच. "बारा मुलांच्या आयुष्याशी खेळताना लाज नाही वाटली?"

त्यानं शांतपणे एक पत्र उचललं. "'कष्टाळू, शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ.'" दुसरं उचललं. "'कष्टाळू, शिस्तप्रिय आणि मनमिळाऊ.' बाराही मुलं मनमिळाऊ? तुमच्या शाळेत कधी भांडणं होत नाहीत?"

"चारशे मुलं आहेत माझ्याकडे!"

"माहीत आहे. पण ही जी नकाशे शिकणार आहे... ती कशी आहे हो?"

मला माहीतच नव्हतं. तिचे गुण माहीत होते, हजेरी माहीत होती. ती कशी आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. चूक माझी होती, आणि म्हणून तर त्याचा जास्तच राग आला.

"शनिवारपर्यंत मुदत वाढवून घेतली आहे मी वरिष्ठांकडून," तो म्हणाला. "कालच."

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

पुढचे पाच दिवस मी एकेका मुलाला समोर बसवलं. कात्रीनं अर्ध्या वर्गाला वर्तमानपत्राचे तुकडे कापून भूमिती शिकवली होती, हे मला तेव्हा कळलं. रोज दुपारी दोन-तीन पत्रं घेऊन मी छाननीच्या टेबलाशी जायची. निवड तिघांची समिती करणार होती, हा फक्त कागद तपासायचा. पण तपासायचा कसा! सावकाश, ओळीवर बोट ठेवून... आणि मधेच डोळे वर करून. ते डोळे. काळे, आणि कायम हसण्याच्या बेतात.

"इतकं रागावून लिहिता का नेहमी?"

"तुम्ही इतकं हळू वाचता का नेहमी?"

"लवकर वाचलं की तुम्ही लवकर जाता."

मी पुढचं पत्र त्याच्यापुढे आपटलं.

शनिवारी कात्रीचं पत्र दिलं. 'ही मुलगी मनमिळाऊ नाही. पुस्तकातलं उत्तर चुकलंय म्हणून ती गणिताच्या सरांशी आठवडाभर भांडली आणि उत्तर खरंच चुकलेलं होतं. तिला शिलाई मशिनवर बसवणं हा आपल्या सगळ्यांचा नालायकपणा ठरेल.' त्यानं ते दोनदा वाचलं. टाचणी त्याच्या बोटांतच राहिली.

महिन्याभरानं निकाल लागला. पाच जणांची निवड झाली होती आणि त्यात कात्री होती. ती मला मिठी मारून पहिल्यांदा रडली. पण बाकीच्या सात जणांचं काय? मी पुन्हा तणतणत त्याच्या टेबलाशी.

"सात मुलं! त्यांनी काय घोडं मारलंय?"

त्यानं एक फाइल पुढे सरकवली. सात मुलांना लागू पडतील अशा दुसऱ्या शिष्यवृत्त्यांची यादी, शेवटच्या तारखांसकट, त्याच्याच अक्षरात. या माणसानं महिनाभर रोज संध्याकाळी बसून हे केलं होतं. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

"शेवटचं पान राहिलं," तो म्हणाला.

शेवटचं पान म्हणजे शिफारसपत्राचा फॉर्म. अर्जदार – मी. पत्र त्याच्या आईला. 'आई, ही बाई मनमिळाऊ अजिबात नाही. हिला राग येतो, पण तो नेहमी दुसऱ्या कुणासाठी येतो. ही रागावून निघून गेली की दुपार सुनी वाटते. मला हिचा राग जन्मभर हवा आहे.' खाली सही. आणि सहीखाली, 'अर्जदाराशी नाते' – पुढे कोरं.

"रकाना रिकामा ठेवलात?" मी कडाडले. "अर्ज बाद होतो, तुम्हीच म्हणाला होतात ना!"

"तो मला एकट्याला... भरता येत नाही."

त्यानं पेन्सिल पुढे केली. "पेन द्या," मी म्हणाले. "पेन्सिलीनं भरलेलं चालत नाही."

रकान्यात मी लिहिलं – होणारा नवरा. पर्समधून पासपोर्ट फोटो काढला, तो माझ्या धंद्यात कायम जवळ असतोच. मग स्टेपलर काढला.

"टाचणी..." तो घाईघाईनं डबी उघडू लागला.

"राहू दे ती," मी म्हणाले आणि खाटकन स्टेपल मारलं. "हा परत काढायचा नाहीये."