सर्वांत मोठी चकती

"शेहेचाळीस," पोपट म्हणाला.

"पुन्हा मोज. जिथून सुरुवात करशील तिथे खडूची खूण कर," ठकीने बजावलं.

पोपट तिचा आतेभाऊ, सुट्टीला आलेला. त्याने पुन्हा मोजलं. ठकीच्या दादाच्या सायकलच्या मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीला शेहेचाळीसच दाते निघाले. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा हात, चाकाच्या तारांत घुसून पिळवटला होता. चेन त्या मोठ्या चकतीवरच अडकून बसली होती.

मेकॅनिककाकांनी नवा डिरेलर बसवल्याला दोन दिवस झाले नाहीत तोच दादा टेकडीवर आपटला होता. आता तो हाताला प्लास्टर घालून भिंतीकडे तोंड करून पडलेला. "उतारावर मस्ती केली असणार," मेकॅनिककाका म्हणाले आणि बाबांना ते पटलं. सायकल विकायची ठरली. चार दिवस बापलेकात अबोला होता. ठकीला घरात जेवण गोड लागत नव्हतं.

"उतारावर मोठी चकती कोण लावतं?" ती म्हणाली. "ती चढाला लागते. दादा चढत होता."

"मग सांग मामांना."

"शहाणपणा पुरे म्हणतील. आधी दुकानात चल."

दुकानात काका एका लाल सायकलला तसाच डिरेलर बसवत होते. डॉक्टरीणबाईंच्या मुलीची सायकल, संध्याकाळी टेकडीवर जाणार होती. डिरेलरच्या रिकाम्या खोक्यावर छापलं होतं: 'कमाल ३६ दाते', म्हणजे त्याहून मोठ्या चकतीला तो पुरणार नव्हता. ठकीने गुपचूप लाल सायकलच्या मोठ्या चकतीचे दाते मोजले. शेहेचाळीस.

"काका, हा हात हिला अपुरा पडेल."

"तुझ्या वयाहून जास्त वर्षं झाली मला या धंद्यात. मधल्या गिअरांवर फिरवून पाहिलंय, लोण्यासारखी चालते."

"मीही हिला तेच सांगतोय," पोपट साळसूदपणे म्हणाला. "म्हणते, मोठ्या चकतीवर अडेल. काकांचं काम अडेल होय? दाखवाच तिला."

काका फुशारले. सायकल स्टँडवर होतीच. त्यांनी पेडल फिरवत गिअर टाकला. चेन मोठ्या चकतीवर चढू लागली, डिरेलर ताणून सरळ झाला, करकरला आणि पेडल जागच्या जागी थांबलं.

काकांनी पुन्हा फिरवून पाहिलं. पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उतरला.

"लांब हाताचा यायला वेळ लागतो," ते पुटपुटले. "होता तो बसवत गेलो."

"आणखी कुणाला?" ठकीने विचारलं.

"दोघांना," म्हणत त्यांनी घाईने फोन उचलला.

संध्याकाळी काका स्वतः घरी आले. "चूक माझी होती, पोराची नव्हे. चढावर मोठ्या चकतीवर चेन अडली. या दोघांनी पकडलं, नाहीतर आज आणखी कुणीतरी पडलं असतं," ते म्हणाले. आईने दोघांच्या पाठीवरून हात फिरवला. "शाबास रे पोरांनो."

बाबा मात्र तडक दादाच्या खोलीत गेले.

"तू चढत होतास, मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो," दादा भिंतीकडे बघतच म्हणाला. "पहिल्याच दिवशी. तुम्ही काकांना फोन लावत होतात."

बाबा कॉटच्या कडेवर बसले.

"चुकलो मी. आता सांग, पहिल्यापासून. मग नवा डिरेलर कोणता घ्यायचा तेही तूच सांग."

दुखरा हात सावरत दादाने कूस बदलली आणि सांगायला लागला.