सवलत सोडणारा माणूस

अमेरिकेतल्या फ्रिस्कोत त्या एप्रिलमध्ये गारा पडल्या, त्या नारळाएवढ्या. बरं, लिंबाएवढ्या म्हणा. पण त्याखाली मी उतरणार नाही. तर गारा थांबल्या, वल्लरीने दार उघडलं, आणि ड्राइव्हवेवर एक भिजलेला तरुण तिच्या घराचे फोटो काढत उभा…

वल्लरी मूळची नागपूरची. एकटीच्या पगारावर घर घेतलेली, आणि संशयात अशी तरबेज, की पोलिसांनी तिच्याकडे शिकवणी लावावी. घर घेतल्या-घेतल्या एका बनावट सरकारी पत्राला भुलून तिने पैसे भरले होते. तेव्हापासून ती पोस्टमनकडेही डोळे बारीक करून बघायची.

“कोण तुम्ही?”

“सौमित्र. मागच्या गल्लीत राहतो.” त्याने केसांतली गार झटकली. “तुमची भिंत फार सुंदर तडकलीय.”

दोघांची घरं एकाच बिल्डरची होती. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा कचेरीने, सौमित्रच्या घराची किंमत भरमसाट लावली होती, आणि किंमत वाढली की घरपट्टी वाढते. बांधकामच कच्चं आहे हे दाखवून त्याला त्या किमतीवर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत, नोंदवायची होती, म्हणून तो शेजारपाजारचे तडे गोळा करत हिंडत होता. वल्लरीने त्याचं लायसन्स मागून पत्ता वाचला, मग कुठे तिचा आवाज खाली आला.

बोलता बोलता त्याला कळलं, की स्वतः राहत असलेल्या घरावर घरपट्टीत सवलत मिळते, त्या सवलतीचा अर्ज वल्लरीने भरलेलाच नाही. तो भरायला पैसे पडत नाहीत, म्हणाला.

“फुकट म्हणजे नक्की काहीतरी आहे.”

“आहे ना. मला चहा लागतो.”

त्याचं प्रत्येक वाक्य तिने काउंटीच्या साइटवर तपासलं. सगळं खरं निघालं, आणि त्यानेच ती जास्त अस्वस्थ झाली. फॉर्म छोटासाच होता. तो भरायला दोघांना सहा शनिवार लागले. पेन देताना बोटं लागायची, मग पुढची ओळ कोणती ते दोघंही विसरायचे…

एवढ्यात समोरच्या सरलाकाकूंनी काडी टाकली. मुलगा गोड आहे, पण तिकडे दूर दुसऱ्या राज्यात, बॉथेलला, त्याचं ऑफिस आहे, तिकडे घर बघतोय म्हणे. सांभाळ हो.

आणि पुढच्याच शनिवारी, त्याच्या कारमध्ये बसून सीटबेल्ट लावताना, सीटच्या कडेला वल्लरीला कागद दिसला. सौमित्रच्या घरावरची सवलत रद्द करण्याचा अर्ज. खाली त्याची सही.

राहत्या घराची सवलत माणूस कधी सोडतो? ते घर सोडतो तेव्हा. तिने सीटबेल्ट काढला.

“बॉथेलला कधी निघालास?”

“कुठे?”

“हे काय आहे मग?”

सौमित्रचे कान लाल झाले. मी आयुष्यात पिकलेले टोमॅटो पुष्कळ पाहिले, पण तो रंग नाही पाहिला.

“नवरा-बायकोला मिळून एकाच घरावर सवलत मिळते,” तो स्टिअरिंगला सांगावं तसं म्हणाला. “दोन चालत नाहीत. म्हणून म्हटलं… आपली एक आधीच…”

“मला विचारायच्या आधी काउंटीला विचारलंस?”

“काउंटी तुझ्याइतकी उलटतपासणी घेत नाही, यार.”

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण दाबलं. “आणि माझी का नाही रद्द करायची?”

“तुझं घर तू एकटीने उभं केलंस. मी तिथे राहायला येईन…” तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. “तू म्हणालीस तर.”

वल्लरीने कागद उचलला. पुढून वाचला, मागून वाचला, उजेडाकडे धरून सहीही पाहिली. खोट काढण्याजोगी एकच जागा सापडली.

“कुठल्या तारखेपासून रद्द, ते लिहिलं नाहीस.”

“ती तू सांगायची.”

वल्लरीने फोनमधलं कॅलेंडर उघडून बघितलं. मग हात पुढे करून तिने पेन मागितलं.