म्हातारा तबलजी

मुलांनो, डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? पण अशी कल्पना करा, की तुम्ही मंगळावर आहात. घुमटाबाहेर सांज झाली आहे, दूरवर धुळीचं वादळ उठलं आहे आणि तुमचे बाबा दरीत गाडीत एकटे आहेत.

दहा वर्षांच्या शाल्मलीला ही कल्पना करावी लागत नव्हती. ती तळाच्या नियंत्रणकक्षातच उभी होती. बाबांची गाडी म्हणत होती, घर डावीकडे. तळावरचं यंत्र म्हणत होतं, उजवीकडे. बॅटरी एकाच वाटेला पुरणार होती.

दोन्ही यंत्रं तेच तारे पाहून गाडीची जागा काढत होती. पण मंगळ फिरत असतो. घड्याळ काही सेकंद चुकलं, तरी हिशेब काही किलोमीटरनं सरकतो.

तळाची यंत्रं सांभाळणाऱ्या गुरवकाकांच्या मते गाडी कालपरवाची, तिचं काय ऐकायचं? तळाचं यंत्र मात्र आजवर चुकलेलं नव्हतं. पडद्यासमोर बसलेल्या, प्रोग्राम लिहिणाऱ्या नंदामावशीला ते पटेना. दोन्हींवर सी या संगणकाच्या भाषेतला एकच प्रोग्राम होता आणि त्याखाली एकच सेतुसंच, मग उत्तरं दोन कशी?

ते काय असतं, असं शाल्मलीनं विचारलं. मुलांचा प्रश्न मावशी कधी उडवून लावत नसे. पडद्यावरची नजर न हलवता तिनं सांगितलं, की प्रत्येक यंत्राची वेळ सांगायची रीत निराळी. पूर्वी जो तो दर यंत्रासाठी नव्यानं लिहायचा आणि नव्यानं चुकायचा. मग सगळ्यांनी मिळून एक सामाईक संच केला. प्रोग्राम वेळ विचारतो सेतूला, सेतू विचारतो यंत्राला. यंत्रावर बसवताना सेतू आधी त्याचं घड्याळ ताऱ्यांशी ताडून पाहतो. बरोबर असेल तर तेच वापरतो. नसेल तर कुरकुर न करता स्वतः वेळ मोजतो.

“गवई नव्या तबलजीला आधी ठेका धरायला लावतो ना, तसं,” काका म्हणाले. “जमला तर ठीक, नाहीतर आपणच मांडीवर ताल धरायचा.”

“आणि काका, तबलजी म्हातारा झाला तर? पुन्हा धरायला लावतो?”

मावशीचे हात थांबले.

“नाही लावत,” काका सावकाश म्हणाले. “दर वेळी विचारत बसलं तर काम खोळंबतं, म्हणून संच लिहिताना आम्हीच तसं ठरवलं. एकदा विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं.”

गाडीवर सेतू आज सकाळी बसवला, तेव्हा तिला ते विचारलं होतं. तळाच्या यंत्राला नऊ वर्षांपूर्वी.

घुमटावरच्या दुर्बिणीतून तारे अजून दिसत होते. मावशीनं सेतूला तळाचं घड्याळ पुन्हा तपासायला लावलं. ते मागे पडलं होतं. सेतूनं ते बाजूला ठेवलं, स्वतःची मोजणी धरली आणि तळाच्या पडद्यावरही अक्षरं उमटली: घर डावीकडे.

शाल्मलीनं रेडिओ ओढून घेतला. “बाबा, गाडी सांगतेय तिकडेच वळ.”

पडद्यावर गाडी डावीकडे वळलेली दिसली, तेव्हा काकांनी रेडिओ जागेवर ठेवला. मग त्यांनी वळून पाहिलं, तर खोलीत कुणीच नव्हतं. मावशीचा हात धरून शाल्मली केव्हाच निघाली होती, सगळ्यांसाठी हवा बनवणाऱ्या यंत्राकडे. त्यावरचा सेतूही तळाच्या यंत्राबरोबर त्याच दिवशी, नऊ वर्षांपूर्वी बसवलेला होता.