ज्ञानू हरकाऱ्याचा कोट

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. असल्या माणसाला सुलतानबीनं दारातसुद्धा उभं केलं नसतं.

सुलतानबी म्हणजे माझ्या आजोबांची आत्या. ती खोटं बोलत नसे. खोटं बोलून खूश करावं अशा लायकीचं माणूस तिला उभ्या कोल्हापुरात सापडलंच नव्हतं.

शाहू महाराज गादीवर होते. प्लेगची साथ नुकतीच ओसरली होती आणि लोक माळावरच्या झोपड्या मोडून घरी परतत होते. शनिवार पेठेत, एका बोळाच्या टोकाला सुलतानबीची खोली होती. एकटी विधवा बाई. जुने कपडे उसवून, आत घेऊन, अंगाच्या मापाचे करून द्यायची. तेही स्वस्तात.

थंडीचे दिवस. दिवेलागणीची वेळ. दारात हंबीरराव उभा राहिला.

नाव हंबीरराव, अंगानं तुरकाठी. कुठल्याशा कचेरीत बिनपगारी उमेदवारी करायचा, पण चाल जहागीरदाराची. हातात काळा लोकरी कोट. भांड्यावर जुने कपडे घेणाऱ्या बयाबाई बोहारणीकडून उचललेला.

"ए बाई, ह्यो माझ्या अंगाला बसीव. पेठ वडगावला पोरगी बघाय जायाचं हाय. सासऱ्याला वाटलं पायजे, शिंपी घरी बसवून शिवलाय."

सुलतानबीनं कोट त्याच्या अंगावर चढवला. आत आणखी एक हंबीरराव मावला असता.

"कोट न्हवं पावणं, तंबू हाय ह्यो. कुणाचा?"

"असंल कुणा मेल्याचा. त्येला आता काय थंडी वाजतीया व्हय?"

आणि तो फिदीफिदी हसला.

सुलतानबीला तो आवडला नाही. तिला तसं कुणीच आवडत नसे, पण हा जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी तिनं कोट बगलेत उसवला, दोन्हीकडून आत घेतला, बाह्या दुमडल्या. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरला होता. जन्मभर काहीतरी जड वाहिल्यासारखा. तिनं अस्तरात चिंधी भरून तो वर उचलला आणि कोट खुंटीला लावला.

सकाळी बघते तर…

सगळे टाके निघालेले.

दोरा तुटलेला नव्हता. कुरतडलेलाही नव्हता. अख्खा दोरा नीट गुंडाळून खाली ठेवलेला… आणि शेजारी चिंधीची घडी.

"शेजारणीचं काम!" सुलतानबी भिंतीकडं तोंड करून ओरडली. "सटवीला टाका घालता येत न्हाय, उसवाय बरं येतंय!"

तिनं कडी लावली आणि पुन्हा बसली. या वेळी दुहेरी दोरा. कोट पुन्हा खुंटीला.

दुपार झाली. बोळ चिडीचूप.

छन्…

बोळाच्या तोंडाशी घुंगरू वाजलं.

छन्… छन्… छन्…

कुणीतरी पळत येत होतं. पण पावलं वाजत नव्हती. नुसतं घुंगरू.

दाराशी आलं… थांबलं.

"कोण हाय रं, मुडद्या?"

तिनं दार उघडलं. कुणी नाही. उन्हात झोपलेलं कुत्रं तेवढं उठलं, दाराकडं बघितलं आणि शेपूट पायात घालून पळालं.

तेवढ्यात पाठीमागं…

सर्र…

कापडातून दोरा ओढल्यासारखा आवाज.

ती वळली. खुंटीवरच्या कोटाचा डावा खांदा हळूहळू… खाली उतरत होता.

सुलतानबी तशीच बाजारात गेली आणि बयाबाईला गाठलं.

"कोट कुणाचा गं त्यो? खरं बोल, न्हायतर भांडी डोक्यात घालीन."

बयाबाईचा चेहरा पडला. "ज्ञानू हरकाऱ्याचा, भाभी. टपालाची थैली खांद्यावर टाकून गारगोटीपतोर पळायचा बघा, घुंगराची काठी घिऊन. पलेगात गेला. बायकूनं कोट जाळाय दिलता. मला वाटलं, चांगली लोकर हाय…"

"लोकर! तुझ्या हावरेपणाला आग लागो!"

संध्याकाळी हंबीरराव आला. सुलतानबीनं त्याला सगळं सांगितलं. म्हणाली, "जाळून टाक जा."

"शिवाय येत न्हाय म्हणून भुतं सांगतीस व्हय?" त्यानं कोट हिसकावला. "हाय तसाच घालतो. मेल्याला भ्यायचं आमच्या घराण्यात न्हाय."

"घराणं!" सुलतानबी उंबऱ्यावर थुंकली.

वडगावहून तो परतला त्या दिवशी ती बोळाच्या तोंडाशी उभी होती. समोरून हंबीरराव येत होता. अंगात तोच कोट.

आणि कोट… मापात बसला होता.

तिनं त्याची बाही धरली. बगलेत बोट घातलं. एक टाका नव्हता. कापड होतं तेवढंच रुंद होतं.

आतला माणूस भरला होता.

डावा खांदा खाली.

"हंबीरराव?"

त्यानं मान वळवली नाही. बाही सोडवून घेतली आणि पुढं निघाला. पळत.

पुढच्या आठवड्यात त्याची आई शालूबाई आली. काखेत सदऱ्यांचं गाठोडं.

"कोट म्या चुलीत घातला, बाई. पर ह्ये सदरं बी त्येला बसंनात. कशानं सुजलाय काय की. जरा सैल करून देता?"

सुलतानबी माप घ्यायला तिच्या घरी गेली. हंबीरराव उंबऱ्यावर बसून पायताण घालत होता. तिनं पाठीवर दोरी धरली. तुरकाठीची पाठ नव्हती ती.

तो उठला. पहिल्यांदाच तिच्याकडं बघून हसला. गरीब, थकलेलं हसू. हंबीररावाचं नव्हे.

"आज तुमचं टपाल न्हाय, बाई."

आणि पळाला. शालूबाई हाका मारत मागं धावली. तो गारगोटीच्या वाटेला लागला, तो परत आला नाही.

लोक म्हणाले, लग्नाला भिऊन बेळगावकडं गेला असेल. लोकांच्या डोक्यात भुसा असतो, असं सुलतानबी म्हणायची. पण मग खरं काय, तेही तिनं कधी सांगितलं नाही.

जुन्या कपड्याला तिनं पुन्हा हात लावला नाही. ते सदरे मात्र सैल करून, घडी घालून जन्मभर पेटीत ठेवले. आजोबांनी लहानपणी एकदा विचारलं, "आत्या, ह्ये कुणासाठी?"

सगळ्या कोल्हापुराला शिव्या घालणारी ती बाई नुसती उठली.

आणि तिनं दाराला कडी घातली.