कोट्यातलं घर

फोन

"ते त्या मुलीचं घर नाही," फोनवरचा पुरुष म्हणाला. "घर नीट बघा."

"कोण बोलतंय?"

त्याच्या मागे कुठेतरी गावचा भोंगा ओरडत होता. कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्या, टोचलेल्या कुत्र्याला लाल फीत बांधा. मग फोन बंद झाला.

डॉ. चारुवानने डोळे मिटले. लहान मुलांच्या वॉर्डातली सकाळ अजून अंगातून उतरली नव्हती.

ग्रामीण कोटा. देशभरची प्रवेशपरीक्षा व्हायच्या आधीच तालुक्यातल्या एका मुलाची किंवा मुलीची मेडिकलची जागा ठरते. शिकून झालं की बारा वर्षं याच तालुक्यात नोकरी. उमेदवार खरंच इथला हवा, म्हणून कुणीतरी त्याचं घर बघून यायचं. शेवटी डॉक्टरसमोर उमेदवाराने सही करायची: 'हेच माझं घर.' सही खोटी निघाली तर जागा गेली, कायमची.

ते 'कुणीतरी' म्हणजे दरवर्षी चारुवान.

"आज किती आज्या, डॉक्टर?" गाडी काढताना लुंग येमने विचारलं. लुंग येम इस्पितळाचा ड्रायव्हर. सगळे त्याला लुंगच, म्हणजे काकाच, म्हणत, त्याच्याहून मोठी माणसंसुद्धा.

"एकच."

"मग पाणीही एकच ग्लास. चांगलंय. त्या दिवशी घरोघरी पाणी प्यालात आणि तुमच्यासाठी तीनदा पेट्रोलपंपावर थांबलो."

घर

जुनं लाकडी घर, खांबांवर उभं. वर दोन खोल्या, खाली सावलीत बाज. बाजेवर याई पान; याई म्हणजे आजी. शेजारी मुलगी, फाय. उंच, सडपातळ, पायांत रबरी चपला. आणि तिचे शिक्षक, ख्रू थानोंग, इस्त्रीच्या शर्टात, फायची जाड फाइल छातीशी धरून.

चारुवानने हात जोडले, चपला काढल्या. जिन्याखाली तिच्या चपला धरून दोनच जोड. दुसरा याईचा.

शेपूट हलवत कुत्रा आला आणि फायच्या पायांत घोटाळू लागला. त्याच्या गळ्यात लाल फीत होती.

"दोघीच राहता?"

"दोघीच, डॉक्टर," ख्रू थानोंग म्हणाले. "आई नाही. बाप बँकॉकला गेला तो गेलाच."

"मी मुलीला विचारलं."

"दोघीच," फाय जमिनीकडे बघत म्हणाली.

याईने उजवा गुडघा धरला आणि डोळ्यांना खांद्यावरचा पंचा लावला. "मरायच्या आधी घरात डॉक्टर बघायचाय गं बाई."

या हंगामात हे वाक्य किती आज्यांनी म्हटलं, ते मोजणं चारुवानने सोडून दिलं होतं. सगळ्यांचं वाक्य एकच. बहुतेकींचं खरंही असतं.

"पाणी आणते," म्हणून फाय उठली, जिना चढली आणि वरच्या दारातल्या आडव्या तुळईवर तिचं कपाळ आपटलं.

"घाबरलीय," ख्रू थानोंग हसले.

याईही उठली. जिन्यावर तिने डावा पाय जपून टेकवला, मग दुसरा. वरून भाताच्या दोन टोपल्या आल्या, माणशी एक, बांबूच्या, चिकट भात गरम ठेवणाऱ्या. एक काळपट, तेलकट. दुसरी पिवळीधमक, तळाला दुकानाची चिकटपट्टी अजून तशीच.

चारुवानने भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवून खाल्ला आणि समोर बघितलं.

रस्त्यापलीकडे विटांचं घर. टाइल्सचा ओटा. भर दुपारी सगळ्या खिडक्या बंद आणि बाहेर एसीच्या यंत्रातून पाणी टपटपत होतं. कुंपणावर शाळेचे पांढरे बूट वाळत होते. एका खिडकीची फट जराशी रुंदावली, लगेच मिटली.

"कुणाचं घर?"

"असंच एकाचं," ख्रू थानोंग म्हणाले. "सही घेऊन टाकू या का, डॉक्टर? तुम्हाला लांब जायचंय."

त्यांनी पेनचं टोपण काढून पेन फायच्या हातात दिलं.

नुसते प्रश्न

रोज घरात वावरणारी पोर तुळईखाली वाकायला कशी विसरते?

मग कुत्रा तिला इतका जीव का लावतो?

दुखतो तो गुडघा कोणता, आणि धरला कोणता?

भाताची एक टोपली कालच विकत घेतल्यासारखी का?

आणि फोन करणारा 'जागा रद्द करा' का म्हणाला नाही?

पहिलं उत्तर, चुकलेलं

"डॉक्टर," चारुवान कागद घेऊन गाडीपाशी आली तेव्हा लुंग येम दबक्या आवाजात म्हणाला, "सरळ आहे. पोरगी शहरातली. कोट्यासाठी आजी भाड्याने घेतली. फोन प्रतीक्षा यादीतल्या पोराच्या बापाचा. दरवर्षीचंच."

"फोनवर भोंगा होता, लुंग. कुत्र्यांच्या लशीचा. इथल्या कुत्र्याच्या गळ्यात तीच लाल फीत आहे, म्हणजे फोन याच गावातून आला. तो यादीतला पोरगा तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो."

"मग शहरातली नाही?"

"शहरातल्या पोरीच्या पायांत कुत्रा लोळतो?"

लुंग येमने कुत्र्याकडे बघितलं. "हा तर माझ्याही पायांत लोळला. मी शहरातला."

"तुमच्या खिशात डुकराची कुरकुरीत चामडी आहे."

लुंगने गपचूप खिसा चाचपला.

दुसरं उत्तर

चारुवान परत बाजेवर येऊन बसली. सहीचा कागद तिच्याच मांडीवर होता. तो तिने उलटा ठेवला.

"याई, गुडघा कोणता दुखतो?"

"हा..." याईचा हात उजव्यावर गेला, थबकला. मग ती एकदम वैतागली. "डावा! या सरांनी उजवा धरायला लावला. उजव्या बाजूला उजेड चांगला येतो म्हणे. फोटोसाठी!"

"याई!" ख्रू थानोंग म्हणाले.

"याई काय याई? सकाळपासून रडतेय मी. माझे खरे नातू तिकडे कोराट शहरात आहेत, धडधाकट. रडायचं काय त्यात?"

फायने हातातलं पेन बाजेवर ठेवलं.

"फाय," चारुवान म्हणाली, "ते बूट तुझे?"

टप, टप, एसीचं पाणी.

"हो."

"म्हणजे घर तेच."

"हो." मग धडाधड सगळं बाहेर आलं. "मी इथलीच आहे डॉक्टर, जन्मापासून! याईकडे रोज येते, पण खाली बाजेवरच बसते. वर आज पहिल्यांदा... म्हणजे... सर म्हणाले एसी दिसला की जागा गेली."

चारुवान ख्रू थानोंगकडे वळली. ते आता फाइल छातीशी नाही, पोटाशी धरून होते.

"गेल्या वर्षी आमच्या शाळेतल्या मुलाचं घर टाइल्सचं होतं," ते म्हणाले. "तुम्ही त्याला घेतलं नाहीत. शाळेच्या फाटकावर बॅनर लागला नाही. मुख्याध्यापक मला काय काय बोलले, तुम्हाला कल्पना नाही."

"त्याला मी विचारलं होतं, परत येशील का. तो म्हणाला, नाही. खरं बोलला बिचारा. टाइल्सचा काय संबंध?"

"मला वाटलं..."

"आम्ही गरिबी बघायला येत नाही, सर. मुलगी कुठली आहे ते बघायला येतो. जे खरं होतं तेच पुरलं असतं. तुम्ही तिच्याकडून खोटी सही करून घेत होतात. ती सही तिची जागा घालवणारी होती."

ख्रू थानोंगनी पेनचं टोपण शोधायला सुरुवात केली. ते त्यांच्याच खिशात होतं.

तिसरं उत्तर

"आणि फोन?" लुंग येमने विचारलं.

"तक्रार करणारे नेहमी सांगतात, हिला काढा. हा माणूस म्हणाला, घर नीट बघा. ज्याला मुलीची जागा घालवायची असते तो घर कशाला दाखवेल?" चारुवान कष्टाने उभी राहिली. "ज्याने ते बांधलं तो दाखवेल."

समोरचा दरवाजा उघडला. खामसिंग, फायचा बाप. अंगात धुतलेला शर्ट, बटणं एक घर चुकलेली. तैवानच्या कारखान्यात राबून त्याने ते घर उभं केलं होतं. टाइल्स स्वतः बसवल्या होत्या. आणि सकाळपासून तो त्यात लपला होता, बँकॉकला पळून गेलेला बाप म्हणून.

"पो!" फाय बापावर ओरडली. "फोन तुम्ही केलात? माझी जागा गेली असती!"

"जागा जाईल असं वाटलं नाही गं. मला वाटलं, त्या बाई इकडे बघतील. एवढंच." तो डॉक्टरकडे वळून हात जोडत म्हणाला, "सर म्हणाले पोरीसाठी लप, लपलो. पण मी आहे. घरही आहे."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सरांचं ऐकत होतीस."

फायने मान खाली घातली.

"शेवटचा प्रश्न," चारुवान म्हणाली. हा ती सगळ्यांना विचारायची. पाठ केलेली उत्तरं ऐकून तिचे कान किटले होते. "सहा वर्षांनी परत का येशील?"

फाइलमध्ये याचं उत्तर नक्की असणार, छापलेलं. फायने तिकडे बघितलंच नाही.

"याईचा दुखरा गुडघा डावा आहे, हे मी सरांना सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते म्हणाले, काय फरक पडतो."

चारुवानने एक शब्दही लिहून घेतला नाही. ख्रू थानोंगचं नाव अहवालात जाणार होतं. पुढच्या वर्षी त्या शाळेच्या मुलांची घरं ती न कळवता बघणार होती. तेही तिलाच करावं लागणार होतं, दुसरं कोण करणार?

रस्ता ओलांडून ती विटांच्या घराच्या ओट्यावर चढली. चपला काढल्या. दारामागे खुंटीवर भाताची टोपली होती. काळी पडलेली, झाकणाची दोरी तुटलेली, तिच्या जागी मास्कचं इलॅस्टिक बांधलेलं.

"कुणाची?"

"माझी," फाय म्हणाली.

चारुवान टाइल्सवर बसली, पाय पसरून. कागद सुलटा केला. फायने सही केली.

खामसिंग रिमोट घेऊन घुटमळत होता. "एसी बंद करू का, डॉक्टर?"

"नको," चारुवानने भिंतीला डोकं टेकलं. "वाढवा थोडा."